सहा खुणांची यादी : कावासाकींच्या निबंधाचे फेरवाचन

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही एक खेळ घेतला. शिक्षकांचे दोन गट केले. पहिल्या गटाला सहा चिठ्ठ्या एकदम दिल्या. एकीवर लिहिले होते, 'पाच दिवसांहून अधिक ताप'. दुसरीवर, 'दोन्ही डोळे लाल, पण चिपडे नाहीत'. मग 'ओठ लालभडक व भेगाळलेले, जीभ लाल व दाणेदार', 'अंगावर पुरळ', 'तळहात-तळपाय लाल व सुजलेले, पुढे बोटांच्या टोकांची कातडी सोललेली', आणि शेवटी 'मानेत एका बाजूला गाठ'. सोबत लहान मुलांच्या सात-आठ आजारांचा एक तक्ता दिला होता. दोन मिनिटांच्या आत गटाचे उत्तर आले : कावासाकी आजार. उत्तर बरोबर होते.

दुसऱ्या गटाला त्याच चिठ्ठ्या दिल्या, पण एकेक करून, मुलाची आई सांगेल तशा. पहिल्या दिवशी फक्त ताप. तिसऱ्या दिवशी पुरळ. ती चिठ्ठी आम्ही लगेच परत घेतली, कारण पुरळ दुसऱ्या दिवशी मावळले. चौथ्या दिवशी डोळे. सहाव्या दिवशी ओठ. गाठेची चिठ्ठी दिलीच नाही, कारण या मुलाला गाठ आलीच नव्हती. गटाने आधी गोवर म्हटले, मग औषधाची ॲलर्जी, मग घशाचा संसर्ग. दहाव्या दिवशी ताप उतरला तेव्हा सगळ्यांनी 'मूल बरे झाले' असे लिहून टाकले. बाराव्या दिवशी आम्ही सोललेल्या बोटांची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा मागे बसलेल्या एका सरांना तक्ता आठवला. ते म्हणाले, "आता कळलं. पण आता कळून उपयोग काय?"

त्या प्रश्नाला आम्ही तेव्हा जे उत्तर दिले ते घाईचे होते. त्याकडे शेवटी येऊ. त्याआधी, ही सहा खुणांची यादी मुळात आली कोठून आणि ती कशासाठी तयार झाली, हे पाहण्यासाठी आम्ही मूळ निबंधच पुन्हा वाचायला घेतला. हा लेख म्हणजे त्या वाचनाची टिपणे आहेत. वैद्यकातला निबंध शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. निरीक्षण कसे करावे, नोंद कशी ठेवावी, वर्गीकरण कोठे उपयोगी पडते आणि कोठे फसवते, हे आपण मुलांना विज्ञानाच्या तासाला शिकवतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही. शिवाय या आजाराची बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीच्या वयाची.

टोकियोतल्या रेड क्रॉसच्या रुग्णालयात डॉ. टोमिसाकू कावासाकी हे बालरोगतज्ज्ञ काम करीत. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्याकडे सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. ताप होता, डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले. प्रतिजैविकांनी काही फरक पडला नाही. पुढे तो आपोआप बरा होऊन घरी गेला. ज्या आजारांशी हे चित्र जुळवून पाहता येईल त्यांपैकी कोणाशीच ते पूर्ण जुळत नव्हते. लालताप म्हणावा, म्हणजे ज्याला डॉक्टर स्कार्लेट फीवर म्हणतात तो, तर लालतापात कातडी सोलते हे खरे. पण तो जंतूंमुळे होणारा आजार पेनिसिलिनला दाद देतो आणि त्यात डोळे असे लाल होत नाहीत. गोवर म्हणावा, तर खोकला, वाहणारे नाक आणि कानामागून सुरू होऊन खाली उतरणारे पुरळ हवे. कावासाकींनी निदानाची जागा जुळेल त्या नावाने भरली नाही. निदान अज्ञात, अशी नोंद करून त्यांनी मुलाला घरी पाठवले.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची कृती हीच. रोजच्या धबडग्यात 'वेगळ्या स्वरूपाचा लालताप' असे लिहून मोकळे होणे सोपे होते, आणि तसे लिहिले असते तर कोणी हरकतही घेतली नसती. पण तसे लिहिले की ते मूल लालतापाच्या ढिगात गेले. पुढच्या वर्षी दुसरे तसेच मूल आले तर पहिल्याची आठवण निघायला जागाच राहत नाही. निदानाची जागा उघडी राहिल्यामुळे ते मूल लक्षात राहिले. सुमारे वर्षभराने दुसरे आले. १९६२ मध्ये त्यांनी अशा सात मुलांची माहिती बालरोगतज्ज्ञांच्या सभेत मांडली. हा वेगळा आजार आहे हे ऐकणाऱ्यांना पटले नाही. त्यांनी मोजणी चालू ठेवली, आणि १९६७ साली जपानी ॲलर्जी परिषदेच्या नियतकालिकात पन्नास मुलांवरचा निबंध छापून आला. चाळीसहून अधिक पानांचा. लेखक एकच.

निबंध जपानी भाषेत होता. इंग्रजीत त्याची ओळख १९७४ साली दुसऱ्या एका लेखातून झाली आणि मूळ निबंधाचा पूर्ण इंग्रजी अनुवाद व्हायला २००२ साल उजाडले. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पस्तीस वर्षे त्यातली यादी पाठ केली, निबंध मात्र वाचला नाही. आमच्या तक्रारीचा अर्धा भाग इथेच आहे.

कारण निबंध ही यादी नाही. वाचताना प्रथम जाणवते ती वर्णनाची नेमकी सवय. 'डोळे लाल' एवढ्यावर हा डॉक्टर थांबत नाही. दोन्ही डोळे लाल, पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या भरलेल्या, पण पू नाही. (पुढे इतरांनी आणखी एक बारकावा टिपला. बुबुळाभोवती एक पांढरी कड बहुधा तशीच राहते.) 'कातडी सोलते' एवढेही त्यांना पुरत नाही. ती कोठून सोलायला लागते? नख आणि कातडी जिथे जुळतात तिथून, आणि केव्हा? ताप ओसरल्यानंतर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. जे दिसले नाही त्याचीही नोंद तितक्याच काळजीने केलेली आहे. पू नाही, फोड नाहीत, औषधाला प्रतिसाद नाही. प्रयोगवहीत 'बदल दिसला नाही' हे लिहायला आपली मुले कंटाळतात. त्यांना दाखवावे असे हे लेखन आहे.

दुसरा गुण म्हणजे निबंधाने आपली मर्यादा ओळखली आहे. कारण सापडले असा दावा त्यात नाही. आजाराचे नावही कारणावरून न देता दिसणाऱ्या गोष्टींवरून दिले आहे. ते लांबलचक आणि अवघड आहे. ताप, त्वचा, ओठ-तोंडाचे आतले अस्तर आणि लसिका ग्रंथी एवढे सगळे त्यात कोंबले आहे, आणि वर 'हातापायांच्या बोटांची विशिष्ट सोलवटणूक' अशी पुस्ती जोडली आहे. पण प्रामाणिक आहे. कारण आजही कोणाला नक्की ठाऊक नाही, म्हणून त्या नावाऐवजी आता डॉक्टरांचेच नाव वापरतात.

आता दोष. पहिला दोष मोठा आहे आणि तो गुणातूनच जन्मला आहे. या निबंधातला सूर असा आहे, की आजार आपोआप शमतो आणि मागे काही ठेवत नाही. पन्नास मुले तपासली, पन्नास मुले घरी गेली. ज्याच्या डोळ्यांवर एवढा विश्वास ठेवावा त्याच्या डोळ्यांना जे दिसणे शक्य नव्हते ते सुटले. कावासाकींचा भर पाहण्यावर, चाचपण्यावर होता. हृदय पाहता येत नाही.

टोकियोतल्याच सेंट ल्यूक रुग्णालयातले डॉ. ताकाजिरो यामामोतो यांनी अशाच तेवीस मुलांच्या हृदयाची विद्युत आलेखाने तपासणी केली. त्यांपैकी अकरा मुलांच्या हृदयात काही ना काही बिघाड असल्याचे त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. त्याआधीच, १९६५ मध्ये, डॉ. नोबोरू तानाका या विकृतिशास्त्रज्ञांना अशा एका मुलाच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली होती. १९७० मध्ये जपानभर पाहणी झाली, आणि बरी झाली म्हणून समजलेली दहा मुले अचानक हृदय बंद पडून दगावल्याचे शवविच्छेदनांतून पुढे आले. १९७४ च्या इंग्रजी लेखात, ज्याच्या लेखकांत खुद्द कावासाकी होते, शंभरात एक-दोन मुले अशी अचानक दगावतात हे स्पष्ट लिहिलेले आहे. सात वर्षांत त्यांनी स्वतःचे मत बदलले. हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे.

शरीरात घडते ते असे. मध्यम आकाराच्या रोहिण्यांच्या भिंतींना दाह होतो. यातल्या सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या. बालवाडीतल्या मुलाची अशी रोहिणी आतून दोनएक मिलिमीटर रुंद असते. दाहाने तिची भिंत पोखरली जाते आणि रक्ताच्या दाबाने, जुन्या सायकलची ट्यूब कमजोर जागी फुगावी तशी, ती फुगते. फुगवटा आठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झाला तर त्याला महाकाय म्हणतात. म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या जागी पेन्सिलीपेक्षा जाड पोकळी. तिथे रक्ताची चाल मंदावते, आणि मंदावलेल्या रक्तात गुठळी होते. उपचार न मिळालेल्या दर चार मुलांपैकी सुमारे एकाच्या हृदयरोहिण्यांना इजा होते. बाहेरून पाहता हे मूल अंगणात खेळत असते.

गंमत म्हणजे हा फुगवटा वैद्यकाला आधीच माहीत होता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले डॉ. सॅम्युएल गी यांनी १८७१ सालीच सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयरोहिण्यांतले फुगवटे शवविच्छेदनात पाहून लिहून ठेवले होते. पुढेही विकृतिशास्त्रज्ञ अशी बालके अधूनमधून पाहत राहिले आणि त्याला दुसऱ्याच एका नावाखाली ठेवत राहिले. एका टेबलावर मृत बालकाची रोहिणी होती, दुसऱ्या खोलीत तापाने फणफणलेले जिवंत मूल; मधली भिंत पडायला शंभर वर्षे लागली. विषयांच्या कप्प्यांविषयी आपण शाळेत जे बोलतो त्याचे याहून कठोर उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा मुद्दा यादीचा. १९७० च्या पाहणीसाठी एक व्याख्या हवी होती. देशभरचे शेकडो डॉक्टर एकाच आजाराची मुले मोजत आहेत याची खात्री हवी, म्हणून सहा खुणा ठरल्या आणि त्यांपैकी पाच असल्या तर मोजा, असा नियम झाला. अमेरिकेत तो थोडा बदलला. तिथे ताप सक्तीचा आणि उरलेल्या पाचांपैकी चार खुणा हव्यात. मोजणीसाठी हे ठीक आहे. जनगणनेत 'घर' म्हणजे काय ते ठरवावेच लागते. पण जनगणनेच्या व्याख्येत बसत नाही म्हणून पावसात उभ्या माणसाला छप्पर नाकारता येत नाही. मोजणीसाठी केलेली यादी हळूहळू खाटेजवळ आली आणि निदानाची परीक्षा होऊन बसली. पाच गुण मिळाले तर पास, चार मिळाले तर घरी.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे गणित करावे. सहांपैकी किमान पाच खुणा निवडण्याचे मार्ग सात. ताप सक्तीचा धरून पाचांपैकी किमान चार निवडण्याचे मार्ग सहा. जपानी आणि अमेरिकी नियमांत फरक एकाच मुलाचा आहे : पाचही खुणा आहेत, पण ताप नाही. आता ताप आहे पण उरलेल्यांपैकी दोन किंवा तीनच खुणा आहेत, अशी मुले किती प्रकारची? दोन निवडण्याचे दहा, तीन निवडण्याचे दहा, एकूण वीस. म्हणजे तक्त्यात बसणारे प्रकार सहा आणि निसटणारे वीस. अर्थात हे सगळे प्रकार सारख्याच वारंवारतेने आढळत नाहीत, तेव्हा या आकड्यांवरून किती मुले निसटतात हे काढता येणार नाही. मानेतली गाठ, उदाहरणार्थ, सर्वांत कमी आढळणारी खूण आहे. पण तक्ता किती अरुंद आहे याची कल्पना यायला हरकत नाही. आणि सहा महिन्यांच्या आतल्या तान्ह्या मुलांत खुणा अपुऱ्या असण्याचे प्रमाण जास्त असते. रोहिणी फुगण्याचा धोकाही नेमका त्यांनाच अधिक असतो.

यादीचा आणखी एक पेच आहे, तर्काचा. या आजाराची पक्की तपासणी नाही. रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढतात, पांढऱ्या पेशी वाढतात, दुसऱ्या आठवड्यापासून बिंबाणू भरमसाट वाढतात. पण हे इतर आजारांतही होते. मग 'कावासाकी आजारात इतक्या टक्के मुलांचे डोळे लाल असतात' हे वाक्य कसे तयार झाले? ज्यांच्यात यादीतल्या खुणा होत्या त्यांनाच रुग्ण म्हटले, आणि मग त्या रुग्णांत यादीतल्या खुणा किती आढळतात ते मोजले. उत्तर भरघोसच येणार. पाठ्यपुस्तके हे आकडे मोठ्या आत्मविश्वासाने छापतात. आम्हाला ते वर्तुळात फिरल्यासारखे वाटतात. या वर्तुळातून बाहेर काढणारी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे हृदयरोहिणी. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चित्र घेण्याची सोय झाली तेव्हा कळले, की खुणा अपुऱ्या असलेल्या मुलांच्याही रोहिण्या फुगतात. म्हणून २००४ सालापासून अमेरिकी हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शिकेत अपुऱ्या खुणांच्या मुलांसाठी वेगळी वाट दिलेली आहे : रक्त तपासा, हृदयाचे चित्र घ्या, यादी पूर्ण व्हायची वाट पाहू नका. तान्ह्या मुलाला सात दिवस ताप आहे आणि कारण सापडत नाही, तर एवढ्यावरही संशय घ्यावा असे ती म्हणते.

आता सरांच्या प्रश्नाकडे जाणारा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा, तिसरा मुद्दा. निबंधाच्या नावातच जी खूण कोरली आहे, बोटांची सोलवटणूक, ती सर्वांत वेगळी, सर्वांत लक्षात राहणारी आणि सर्वांत उशिरा येणारी आहे. १९६७ मध्ये याने काही बिघडत नव्हते. उपचारच नव्हता, आजार आज ओळखला काय अन् पंधरा दिवसांनी ओळखला काय, मुलाला फरक पडत नव्हता. १९८४ साली जपानमध्ये डॉ. फुरुशो यांनी आणि १९८६ साली अमेरिकेत डॉ. न्यूबर्गर व सहकाऱ्यांनी दाखवले, की अनेक रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्ये शिरेतून दिली तर रोहिण्यांना होणारी इजा पुष्कळ कमी होते. दर चारांतल्या एकावरून हे प्रमाण शंभरांतल्या चारांच्या आसपास येते. आज ही मात्रा वजनाच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, एकाच वेळी देतात. औषध महाग आहे, आणि ते तापाच्या पहिल्या दहा दिवसांत दिले तर त्याचा खरा फायदा. म्हणजे १९८४ नंतर या निबंधाचे वाचनच बदलायला हवे होते. जी खूण ओळखण्यासाठी उत्तम ती वाचवण्यासाठी निकामी, असे काहीसे झाले. पण आम्ही पाहिलेल्या जवळपास प्रत्येक तक्त्यात, आणि शिबिरात वापरलेल्या आमच्या तक्त्यातही, चित्र सोललेल्या बोटांचेच आहे. छायाचित्र चांगले येते, एवढेच त्याचे कारण असावे.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी. जीभ 'स्ट्रॉबेरीसारखी' दिसते असे सगळीकडे लिहिलेले असते. महाबळेश्वर-पाचगणीच्या मुलांना ते कळेल. चंद्रपूरच्या अंगणवाडीताईंना 'लाल आणि दाणेदार' म्हटलेले बरे. आणि लाली, लाली, लाली. सहांपैकी चार खुणांत लाल रंग हाच पुरावा आहे. जपानी वा युरोपीय मुलाच्या अंगावर फिकट पुरळ चटकन दिसते, सावळ्या अंगावर ते दिसेलच असे नाही. तिथे ओठांच्या भेगा, हातापायांची सूज आणि चिडचिड यांना जास्त किंमत द्यायला हवी. या आजारातले मूल विलक्षण किरकिरे होते, कशानेच शांत होत नाही. आया हे आवर्जून सांगतात, पण यादीत त्याला जागा नाही. आपल्या फायद्याची एक खूणही आहे. बीसीजीची लस आपल्याकडे जन्मल्याबरोबर डाव्या दंडावर देतात. या आजारात कित्येक लहान मुलांच्या दंडावरचा तो जुना व्रण पुन्हा लाल होतो, सुजतो. अमेरिकेत ही लस सर्रास देत नाहीत, त्यामुळे तिथल्या पुस्तकांत ही खूण दबून गेली. जपानने मात्र २०१९ च्या सुधारणेत ती पुरळाच्या खुणेत घेतली. त्याच सुधारणेत तापाच्या दिवसांची अटही काढली. पाच दिवस मोजत बसू नका, असा त्याचा अर्थ.

२०२० मध्ये या यादीची अनपेक्षित परीक्षा झाली. इटलीतल्या बर्गामो शहरात कोविडच्या पहिल्या लाटेत दोन महिन्यांत दहा मुले कावासाकीसारख्या खुणा घेऊन आली. तिथे एरवी ज्या गतीने अशी मुले येत त्याच्या तीसपट ही गती होती. पुढे आपल्याकडे मुंबईतही अशी मुले दाखल झाली. डोळे लाल, पुरळ, ताप, सगळे होते. पण मुले वयाने मोठी होती, पोटदुखी-जुलाब जास्त, आणि रोहिण्यांपेक्षा हृदयाचा स्नायूच थकलेला. कोविडचा संसर्ग होऊन काही आठवडे लोटल्यावर येणारा हा वेगळा विकार आहे असे ठरले. यादीने दोन आजारांना एकच म्हटले असते. वय, क्रम आणि आधीच्या महिन्यात काय झाले होते, या यादीबाहेरच्या गोष्टींनी ते वेगळे केले. योगायोग असा, की डॉ. कावासाकी त्याच वर्षी ५ जून रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले.

शिक्षकाने निदान करावे असे आम्ही कुठेही म्हणत नाही. आठ दिवस गैरहजर राहिलेले मूल परत येते, तेव्हा बाईंना त्याची बोटे दिसतात, डॉक्टरांना नव्हे. एवढेच आमचे म्हणणे. आणि ताप चालू असताना पालक फोन करतात तेव्हा 'कोणत्या दिवशी काय दिसले ते तारखेसह लिहून ठेवा, पुरळाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा' हे सांगायला वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. डॉक्टर पाहतील तेव्हा तिसऱ्या दिवशीचे पुरळ तिथे नसेल; कागदावर असेल.

आता आमचे घाईचे उत्तर. सरांनी विचारले, बाराव्या दिवशी कळून उपयोग काय, तेव्हा आम्ही म्हणालो होतो, "खरं आहे, उशीर झाला." हे चूक होते. दहा दिवस उलटले तरी ताप चालू असेल किंवा रक्तात दाहाच्या खुणा असतील, तर प्रतिद्रव्यांचे औषध देतात. ताप उतरलेला असला तरी हृदयाचे चित्र घ्यायचे असतेच, आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा घ्यायचे असते. रोहिणी फुगलेली आढळली तर गुठळी होऊ नये म्हणून अल्प मात्रेत ॲस्पिरिन चालू ठेवतात. लहान मुलांना एरवी जे औषध टाळतात ते इथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. सरांना आम्ही पत्राने तसे कळवले आहे. पुढच्या शिबिरात चिठ्ठ्यांवर तारखा असतील, आणि तक्त्यावरचे सोललेल्या बोटांचे चित्र काढून तिथे ओठांचे लावले आहे.